पाठ १४ : शितावरून भाताची परीक्षा

भात शिजलाय की नाही, हे आजी कसं बघते? ती सगळं पातेलं रिकामं करत नाही. एक शीत बोटांनी दाबून बघते. त्यावरूनच म्हण आली : शितावरून भाताची परीक्षा.

निवडणुकीतही असंच असतं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या शेवटच्या आठवड्यांत काही संस्था रोज सर्वेक्षण करतात. रोज नव्या लोकांना विचारतात, ‘मत कुणाला देणार?’ मग शेवटच्या काही दिवसांची सरासरी काढतात. नवा दिवस आला, की जुना गळतो. समजा, एका उमेदवाराला काल ४८ टक्के होते, आज ४७ झाले. लगेच बातमी येते, ‘मागे पडला!’ पण कदाचित कुणाचंच मत बदललेलं नसेल. आज फक्त वेगळ्या माणसांना विचारलं असेल.

सिंगापूरचा नियम वेगळा आहे. निवडणूक जाहीर करणारा आदेश निघाल्यापासून मतदान संपेपर्यंत सर्वेक्षण प्रसिद्ध करायला कायद्याने बंदी आहे. २०२३ मध्ये ही बंदी ११ ऑगस्टपासून १ सप्टेंबरला मतदान संपेपर्यंत होती.

मतदान संपल्यावर मात्र ‘नमुना मोजणी’ होते. प्रत्येक मतदान केंद्रातल्या १०० मतपत्रिका, न निवडता, उचलून मोजतात. तुम्ही वुडलँड्सला राहत असाल, तर तिथल्या केंद्रांतल्यासुद्धा! त्या रात्री नमुना मोजणीत थर्मन षण्मुगरत्नम यांना ७० टक्के मतं दिसली. पूर्ण मोजणीत मिळाली ७०.४ टक्के. शीत बरोबर निघालं!

मग पूर्ण मोजणी कशाला? २०११ ची निवडणूक बघा. टोनी टॅन यांना ३५.२० टक्के मतं मिळाली आणि टॅन चेंग बॉक यांना ३४.८५. एकवीस लाखांहून जास्त मतांत फरक फक्त ७,३८२ मतांचा! फेरमोजणी करावी लागली. नमुना मोजणीत साधारण ४ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतं. इतका छोटा फरक तिला कळलाच नसता. अशा वेळी सगळं पातेलंच मोजावं लागतं.

म्हणून पुढच्या वेळी आकडा दिसला, की आधी विचारा : किती जणांना विचारलं? कसं निवडलं? चूक किती असू शकते?

शब्दार्थ
शीत – शिजलेल्या भाताचा एक दाणा
सर्वेक्षण – लोकांना प्रश्न विचारून माहिती गोळा करणे
नमुना – मोठ्या गोष्टीतला छोटा भाग
फेरमोजणी – पुन्हा मोजणे

प्रश्न
१. रोजचा आकडा बदलला, म्हणजे लोकांचं मत बदललंच का? कारण सांगा.
२. २०११ मध्ये फेरमोजणी का करावी लागली?
३. घरी पाच जणांना विचारा : ‘पोहे की उपमा?’ दुसऱ्या दिवशी वेगळ्या पाच जणांना विचारा. उत्तर तेच आलं का? चार वाक्यं लिहा.