तेल बंद केलं, तरी रक्तातली चरबी का वाढली?

प्रश्न : आमच्या ह्यांचं वय ४८. अंगानं सडपातळ, पोट तेवढं सुटलंय. दिवाळीनंतर रक्त तपासलं तर ट्रायग्लिसराइड २६०, एचडीएल ३४ आणि उपाशीपोटीची साखर ११२ निघाली. डॉक्टर म्हणाले, मेटाबॉलिक सिंड्रोम आहे. मी त्याच दिवसापासून तेल जवळजवळ बंद केलं. तूप बंद, ओलं खोबरं बंद, बांगडा तेलकट म्हणून तोही बंद. दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर ट्रायग्लिसराइड ३१०! आता कोणी खोबरेल खा म्हणतं, कोणी ऑलिव्ह तेल आणा म्हणतं. नक्की करावं काय?
– एक वाचक, डहाणू

उत्तर : ताई, तुमचा हिशेब वरवर पाहता बरोबर होता. रक्तात चरबी जास्त, म्हणून ताटातली कमी करायची. काय काय बंद केलंत ते तुम्ही तपशिलानं लिहिलंत, पण त्या जागी ताटात काय आलं ते लिहिलं नाहीत. माझा अंदाज सांगतो. बिनतेलाची भाजी घशाखाली उतरेना म्हणून भात वाढला असेल. चारच्या चहाला भज्यांऐवजी खारी आणि टोस्ट आले असतील. आणि आपल्याकडे घोलवड-बोर्डीचा चिकू हंगामात दारात येऊन पडतो, तेव्हा ‘फळच आहे’ म्हणून दूध-साखर घालून त्याचा शेकही झाला असेल. अंदाज खरा असेल, तर ३१० या आकड्याचं नवल वाटायला नको.

आधी त्या नावाचं बघू. मेटाबॉलिक सिंड्रोम हा एकच एक आजार नसून पाच खुणांचा गट आहे. कमरेचा घेर आपल्याकडच्या पुरुषांत ९० सेंटीमीटर किंवा जास्त, बायकांत ८० किंवा जास्त. ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त. एचडीएल, म्हणजे चांगलं समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, पुरुषांत ४०च्या आणि बायकांत ५०च्या खाली. रक्तदाब १३०/८५ किंवा वर. उपाशीपोटीची साखर १०० किंवा वर. पाचांपैकी तीन जुळल्या की हे नाव लागतं. तुमच्या यजमानांच्या तीन तर रक्तातच जुळल्या, टेप आणि रक्तदाबाचा पट्टा अजून लागायचाच आहे. या सगळ्या खुणा एकत्र का येतात, याचं उत्तर अमेरिकेतल्या डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली मांडलं : शरीर इन्सुलिनला जुमानेनासं होतं.

आता इथे चरबीचा संबंध येतो. आपण इन्सुलिनला साखरेपुरतं ओळखतो. त्याचं दुसरं काम म्हणजे जेवणानंतर चरबीच्या पेशींना ‘साठा सोडू नका’ असं बजावणं. पेशींनी ते ऐकलं नाही की साठ्यातली चरबी रक्तात सुटत राहते आणि थेट यकृताकडे जाते. यकृत ती ट्रायग्लिसराइडच्या रूपात बांधून पुन्हा रक्तात पाठवतं. रक्तात हे कण फार झाले की ते आपलं ट्रायग्लिसराइड एचडीएलच्या कणांत भरतात, आणि असे भरलेले एचडीएल कण शरीरातून लवकर निघून जातात. म्हणून एक आकडा चढला की दुसरा उतरतो. तुमच्या रिपोर्टातले २६० आणि ३४ हे एकाच गडबडीचे दोन आकडे आहेत.

एवढ्यावर भागत नाही. यकृत स्वतःही चरबी तयार करतं, आणि त्यासाठी त्याला तेल लागत नाही. भात, मैदा, साखर आणि दारू यांचं जे जास्तीचं होतं, त्यातून ते चरबी बनवतं. २००५ साली अमेरिकेत यकृतात चरबी साठलेल्या मोजक्या रुग्णांवरचा एक बारकाईचा अभ्यास छापून आला. यकृतातली चरबी आली कुठून, याचा माग संशोधकांनी काढला. सुमारे ५९ टक्के शरीरातल्या साठ्यातून आलेली होती, २६ टक्के यकृतानं साखर-स्टार्चपासून बनवलेली होती, आणि जेवणातल्या तेला-तुपातून थेट आलेली होती फक्त १५ टक्के. तुम्ही त्या १५ टक्क्यांवर सगळा राग काढलात आणि २६वाल्याला भात वाढलात.

ताडीचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, पण डहाणूत राहून तो टाळताही येत नाही. ‘ताडी झाडाची, थंड असते’ ही समजूत इकडे पक्की आहे. सकाळची गोड ताडी म्हणजे साखर, दुपारची आंबलेली म्हणजे अल्कोहोल. यकृताला दोन्ही चालतात.

‘पण हे तर सडपातळ आहेत’, हे तुमचं दुसरं कोडं. त्याचं उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडफोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! याज्ञिकांच्या गटानं पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांतल्या बाळांचीही मापं घेतली होती. इंग्लंडमधल्या बाळांचं सरासरी वजन साडेतीन किलोच्या आसपास, तर आपल्या बाळांचं पावणेतीनच्याही किंचित खाली. तरीही वजनाच्या मानानं चरबी आपल्या बाळांत जास्त, स्नायू कमी. त्वचेखालची चरबी म्हणजे घरातली कणगी समजा. ज्याची कणगी लहान, त्याचं धान्य लवकर बाहेर सांडतं. आपली कणगी लहान पडते, म्हणून ते पोटात, यकृतात आणि स्नायूंत सांडतं. म्हणून वजनकाट्यावर विसंबू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावून बघा.

मग तेल कुठलंही आणि कितीही चालेल का? तसंही नाही. तेलाचा प्रकार नक्की बघावा लागतो. स्वीडनमधल्या उप्साला इथल्या, २०१४ साली छापून आलेल्या एका अभ्यासात सडपातळ तरुणांना सात आठवडे रोज जास्तीचे मफिन खायला दिले. निम्म्यांचे पाम तेलातले, निम्म्यांचे सूर्यफुलाच्या तेलातले. दोन्ही गटांचं वजन सारखंच वाढलं, साधारण दीड किलो. यकृतातली चरबी मात्र पामवाल्यांची कितीतरी जास्त वाढली. पाम तेलात जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त असते, आणि पाकिटातलं फरसाण, शेव, बिस्किटं बहुधा त्यातच होतात. पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचा, पामोलिन दिसेल. खारीत तर बहुधा वनस्पती तूप असतं. ती तेलात तळलेली नसते एवढ्यावरून तिला आपण निर्दोष सोडतो. जानेवारी २०२२पासून तेल-वनस्पतीत ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या आत ठेवणं सक्तीचं झालं, ही चांगली गोष्ट. संपृक्त चरबी मात्र तिथेच आहे.

खोबरेलाचंही असंच. झाडाचं आहे म्हणून ते हलकं, असं वाटतं. पण त्यात सुमारे ९० टक्के संपृक्त चरबी असते, म्हणजे साजूक तुपापेक्षाही जास्त. ते एचडीएल थोडं वाढवतं हे खरं, पण वाईट समजलं जाणारं एलडीएल त्याहून जास्त वाढवतं. कालवणात वाटलेलं ओलं खोबरं बेतानं चालेल, खोबरेल मात्र औषध म्हणून चमच्यानं पिऊ नका. मोहाच्या बियांचं तेल पाड्यांवर अजून घाण्यावरून काढून आणतात. थंडीत ते गोठतं यावरूनच त्यात संपृक्त चरबी बरीच, जवळजवळ निम्मी, हे ओळखता येतं. शेंगदाण्याचं आणि खुरासणीचं तेल या मानानं बरं. ऑलिव्ह चांगलंच, पण त्याच्या बाटलीच्या पैशात घरात दोन महिने बांगडे येतील. आणि कुठल्याही खाद्यतेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असं ठळक छापलेलं दिसलं तर हरखू नका. वनस्पतिज तेलात ते नसतंच.

बांगडा बंद केलात याचंच मला सर्वात वाईट वाटलं. बांगडा आणि तारली यांचा तेलकटपणा ओमेगा-३चा आहे, आणि यकृतातून सुटणारी ट्रायग्लिसराइड कमी करणारी हीच चरबी. युरोपातल्या आठ देशांत मेटाबॉलिक सिंड्रोमच्या चारशेहून अधिक लोकांना १२ आठवडे वेगवेगळे आहार दिले गेले. त्यात ज्या गटाच्या कमी चरबीच्या आहाराला माशाच्या तेलाची जोड होती, त्या गटात ट्रायग्लिसराइड उतरलं, विशेषतः पुरुषांत. आठवड्यातून दोन-तीनदा बांगड्याचं कालवण करा. रवा लावून तेलात पोहवलेला बांगडा मात्र वेगळा प्राणी समजावा. बोंबलात चरबी नगण्य, त्यामुळे त्याचा फायदा-तोटा दोन्ही बेताचा. वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, नुसत्या उन्हावाऱ्यात वाळवलेला सुका बोंबील रक्तदाबवाल्यांना बेतानं चालतो, खारवलेली मासळी चालत नाही.

प्रमाण विचाराल तर, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४च्या मार्गदर्शनात दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्या मोठ्या माणसासाठी वरचं तेल-तूप २७ ग्रॅम धरलं आहे, म्हणजे माणशी महिन्याला एक लिटरच्याही थोडं आत. तेल शून्यावर आणू नका, या मापात आणा, आणि कात्री भात, साखर, खारी नि ताडीला लावा. भात निम्मा करून त्या जागी डाळ, वाल, पालेभाजी आणि मासळी वाढा. चिकू एखादा, आणि तोही चावून खावा.

दोन गोष्टी सांभाळा. हे सगळं पोट सुटलेल्या, बैठ्या कामाच्या माणसासाठी आहे. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर अनेक घरांत दिवसभर मजुरी, ताटात भात आणि कोरा चहा, आणि तेल जेमतेम फोडणीपुरतं. तिथे ‘तेल कमी करा’ हा सल्ला देणं म्हणजे उपाशी माणसाला उपास सांगणं. तुमच्याही घरात लहान मुलं असतील, तर वडिलांसाठी म्हणून त्यांच्या ताटातलं तेल-तूप काढू नका. वाढत्या अंगाला ते हवंच.

दुसरी गोष्ट, ट्रायग्लिसराइड ५००च्या वर गेलं तर वरचा सल्ला बाजूला ठेवून तडक डॉक्टरांकडे जा. त्या पातळीपासून स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका सुरू होतो, आणि तिथे काही काळ सगळीच चरबी खरोखर तोडावी लागते. तुमचा आकडा ३१० आहे, म्हणजे वेळ आहे. डॉक्टरांची गोळी चालू असेल तर ती चालूच राहू द्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. तपासणीच्या आधी रात्री बारा तास पोट रिकामं हवं, आणि आदले दोन-तीन दिवस ताडी-दारू नको. नाहीतर आकडा उगाच फुगून येतो.