शब्दवेधी बाण आणि पाण्याचा घडा

आजचं वाचन: वाल्मीकी रामायण, अयोध्याकांड, सर्ग ६३ आणि ६४



श्रावणबाळाची कावड आपण लहानपणापासून चित्रांत पाहत आलोय. पण आजचे दोन सर्ग नीट वाचा. वाल्मीकींच्या कथेत कावड नाही, आणि त्या मुलाला नावही नाही. आंधळ्या आईवडिलांचा एक तरुण मुलगा अंधारात शरयूवर पाणी भरायला आलाय, एवढंच. राम वनात गेल्यावर, स्वतःच्या शेवटच्या रात्री, दशरथ ही आठवण कौसल्येला सांगतो.

दशरथाला ऐकू काय आलं? घडा भरल्याचा आवाज. त्याला वाटलं, हत्ती आहे. तो शब्दवेधी होता, न बघता नुसत्या आवाजावर नेम धरायचा. बाण सुटला.

मला ही गोष्ट फार आजची वाटते. कॉलेजात, ऑफिसात, अगदी आपल्या भजनाच्या ग्रुपमध्येही आपण असाच आवाजावर नेम धरतो. "ती कायम उशिरा येते." "तो लेक्चरला झोपतो." "रिप्लाय नाही म्हणजे सीरियसच नाहीये." आता त्या आवाजामागचा घडा बघा. वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी साधारण ४ तास, आणि सोबतीला हाच. आजीला विसरण्याचा आजार. ती रात्री उठून दाराची कडी काढते, म्हणून हिची झोप अर्धीच. आई आजारी, तर धाकट्याचा डबा करून मग परीक्षेला पळायचं. ही मुलं स्वतःहून सांगत नाहीत. घरातलं बाहेर बोलायचं नाही हे अंगवळणी पडलेलं असतं, आणि काहींना आपण काही जास्तीचं करतोय हेच जाणवत नाही.

कळलं, की आपण काय करतो? "आजचा श्रावणबाळ!" म्हणून पाठ थोपटतो. (मुलीला तर तेही नाही. या शब्दाचं स्त्रीलिंग आपण कधी केलंच नाही. तिचं ते कामच समजलं जातं.) कौतुक वाईट नाही, पण त्याने घडा हलका होत नाही. उलट श्रावणबाळ म्हटल्यावर "मी थकलोय" कसं म्हणायचं?

मरताना त्या मुलाला चिंता कुणाची? तहानलेल्या आईवडिलांची. एका बाणाने तू तिघांना मारलंस, असं तो राजाला सांगतो. आणि तसंच होतं. मुलामागोमाग दोघंही जातात. का? वाल्मीकींच्या कथेत पुत्रशोकाने. पण त्यामागे मला दिसतं ते हे: त्या घरात पाणी आणणारा दुसरा माणूसच नव्हता.

म्हणून "काही लागलं तर सांग" हे वाक्य आता बंद करूया. त्यावर उत्तर नेहमी "नाही रे, ठीक आहे" असंच येतं. त्यापेक्षा नेमकं बोला: "मंगळवारी ४ ते ६ मी आजीपाशी बसते, तू झोप." "नोट्स मी पाठवतो." सरांशी बोलायचं तर आधी त्याला विचारून, आणि बरोबर जाऊन. पुंडलिकाच्या गोष्टीत आईवडिलांची सेवा आटपेपर्यंत देव विटेवर थांबला. आपल्या ग्रुपला एका सदस्यासाठी थांबायला काय हरकत आहे?

आणि हे वाचणारा तूच तो असशील, तूच ती असशील, तर एक नंबर सेव्ह करून ठेव: टेली मानस, १४४१६. सरकारी सेवा आहे, मोफत, २४ तास, मराठीतही बोलता येतं. आईच्या आजाराबद्दल नाही, तुझ्याबद्दल बोलायला.

सर्ग ६४ च्या सुरुवातीला राजा दशरथ तोच घडा भरून घेतो आणि स्वतः आश्रमाकडे चालू लागतो. पावलं ऐकून म्हातारा बाप विचारतो, बाळा, इतका उशीर का केलास? आज तिथेच थांबून थोडा वेळ बसा. उद्या पुढचा सर्ग.