सातव्या परिच्छेदापासून सुरू कर

चि. सोनू हिस,


आरोग्यसेवेतील सुधारणांवरचा तुझा निबंध काल रात्री दोनदा वाचला. पहिली दोन पानं योजनांच्या नावांनीच भरली आहेत, ती काढून टाक. परीक्षकांना योजना माहीत असतात, त्यांना तुझं म्हणणं ऐकायचं असतं. ते सातव्या परिच्छेदात दडलं आहे: आजीच्या बीपीच्या गोळ्यांचा खर्च विम्याच्या कार्डात कुठेच बसत नाही. निबंध तिथूनच सुरू कर.

आयुष्मान भारतच्या विमा योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण मिळतं, पण मुख्यतः दाखल झाल्यावर. ओपीडीतली तपासणी, रोजची गोळी त्यात धरलेली नाही. आरोग्य केंद्रात गोळी फुकट असते, पण साठा संपला की बाहेरची चिठ्ठी हातात पडते. गोळी एक दिवसाआड घेणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या मी नोकरीत पाहिल्या. त्यांना त्या वेळी कोणी विचारत नाही. अर्धांगवायू होऊन त्या खाटेवर आल्या, की मग कार्ड चालतं. हे मला फार लागतं, सोनू. तू ते भीड न ठेवता लिही. मात्र विम्याला नुसती नावं ठेवू नकोस. हृदयाची शस्त्रक्रिया कार्डावर झाली म्हणून ज्यांचं शेत वाचलं, अशी घरंही आहेत. तीही निबंधात यायला हवीत.

भोर समितीचा १९४६ चा अहवाल मिळवून वाच. ऐपत नाही म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, ही गोष्ट स्वातंत्र्याच्या आधीच त्यात स्पष्ट मांडली आहे.

मग आपल्याच मातीतली दोन कामं बघ. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यांतल्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या. नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून त्या घरीच उपचार करत, गरज पडली तर इंजेक्शनही देत. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. हा आकडा नुसता टाकून पुढे जाऊ नकोस. प्रशिक्षण कसं होतं, देखरेख कोण करायचं, औषध वेळेवर कसं पोचायचं, हे खोदून काढ. कारण आशाताई आज गावोगाव आहेतच. 'प्रत्येक गावात आशा हवी' असं लिहून भागणार नाही. कामामागे मोबदला मिळणाऱ्या बाईवर आपण नवनवी कामं लादत चाललो आहोत, आणि तिला कायम पगार मात्र नाही. यावर तुझं मत काय, ते लिही.

आणि एका सोमवारी सकाळी तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन बस. वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी आधी घे. ३०,००० लोकांमागे एक केंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात २०,००० मागे, असा निकष आहे. तुमच्या केंद्राखाली किती लोक येतात ते विचार. औषधाच्या खिडकीपाशी थांब आणि त्या दिवशी कोणती गोळी नव्हती ते टिपून घे. रुग्णांची नावं मात्र वहीतसुद्धा लिहू नकोस.

नवा मसुदा झाला की पाठव.

तुझी,
आत्या