चावी कुणाकडे होती?



रुग्णालयातील कामाची पद्धत सुधारण्याच्या प्रशिक्षणाबद्दल या अंकात लिहावे, असे मला सांगण्यात आले. मी व्यवस्थापनातली नाही. डोंगराळ भागातील एका लहान रुग्णालयात, प्रसूतिकक्षात, बरीच वर्षे सिस्टर म्हणून काम करते. तेव्हा जे पाहिले तेच सांगते.

एका पावसाळी रात्री पाड्यावरून आलेली एक बाई बाळंत झाली आणि तिचा रक्तस्राव थांबेना. अशा वेळी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन ताबडतोब लागते. ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे औषध. आमचा फ्रिज औषधांच्या स्टोअरमध्ये, स्टोअरला कुलूप, आणि चावी इन्चार्ज सिस्टरांच्या क्वार्टरवर. ड्युटीवरची नवी सिस्टर भर पावसात धावत गेली. बाई वाचली, पण रक्त चढवण्यासाठी तिला रातोरात जिल्ह्याच्या गावी न्यावे लागले. दुसऱ्या दिवशी बैठकीत एकच प्रश्न होता, चूक कुणाची? इंजेक्शन आधीच काढून का ठेवले नाही, म्हणून त्या मुलीला मेमो मिळाला. आम्ही सगळ्या गप्प बसलो. मीही.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी प्रशिक्षण सुरू झाले. आम्हाला वाटले, आता माणसे कमी करणार. वॉर्डबॉय तर उघड म्हणत होते, "आमच्यावर नजर ठेवायला आलेत."

ही पद्धत मूळची जपानमधील टोयोटा मोटार कारखान्याची. तिथे साध्या कामगाराला दोष दिसला, तरी तो दोरी ओढून चालू काम थांबवू शकतो. अमेरिकेत सिॲटल येथील व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००२ साली ती आपल्याकडे सुरू केली. तरीही २००४ मध्ये तिथे एका रुग्ण स्त्रीला तपासणीच्या औषधाऐवजी जंतुनाशक टोचले गेले आणि ती दगावली. लेबल नसलेल्या भांड्यांत दिसायला सारखेच द्रव होते. रुग्णालयाने ही चूक जाहीरपणे कबूल केली. प्रशिक्षकांनी हे सांगितले तेव्हा खोलीत कुणी हलले नाही. माझ्या डोळ्यांसमोर आमची ट्रॉली आली. तिच्यावरही बिनलेबलाच्या वाट्या असतात.

मग त्यांनी त्या रात्रीचीच गोष्ट घेतली आणि "का?" असे पुन्हा पुन्हा विचारत गेले. इंजेक्शन उशिरा का मिळाले? चावी लांब होती. का? ती इन्चार्जकडेच राहावी असा नियम. तो का? खूप वर्षांपूर्वी स्टोअरमधून काही औषधे चोरीला गेली होती म्हणून. म्हणजे चोरासाठी केलेला नियम त्या रात्री बाळंतिणीला भोवला होता, आणि मेमो मात्र धावणाऱ्या मुलीला!

तेवढ्यात कोपऱ्यातून सफाईच्या मावशी म्हणाल्या, "एवढंसं इंजेक्शन, त्याला छोटा फ्रिज इथंच आणून ठेवा की." कुणीतरी विचारले, हे आधी का नाही बोललात? "मला विचारलं कुणी?"

छोटा फ्रिज आला. रक्तस्रावासाठी लागणारे बाकीचे सामान, म्हणजे सलाईन, सुया, लघवीची नळी, हातमोजे, एका ट्रेमध्ये लावले. नको ते काढा, उरलेले ठरल्या जागी लावा, पुसून ठेवा, सगळीकडे एकच पद्धत ठेवा आणि ती मोडू देऊ नका, अशी ही जपानी पाच पायऱ्यांची रीत. पहिल्या पायरीलाच आमच्या कपाटातून मुदत संपलेल्या औषधांची पिशवीभर निघाली. लाज वाटली.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. तीन नवी रजिस्टरे वाढली. त्यातले एक आम्ही ड्युटी संपताना न बघताच भरत होतो, हे कबूल करते. ते पुढे बंद केले, बरे झाले. एका ज्येष्ठ डॉक्टरांना अजूनही हा पोरखेळ वाटतो. प्रशिक्षक गेल्यावर ट्रेमधून हातमोजे "तात्पुरते" उचलले जाऊ लागले. मग ठरले की ड्युटी बदलताना जाणारी आणि येणारी, दोघींनी मिळून ट्रे उघडायचा आणि दोघींनी सही करायची. हे टिकले आहे. माझा अनुभव असा की ज्या बदलाने आमची पायपीट वाचते तो राहतो; ज्याने नुसते लिहिणे वाढते तो चार महिन्यांत मरतो.

आणखी एक फरक पडला. परवा एका नव्या सिस्टरने चुकीच्या रुग्णाच्या नावाचा रिपोर्ट लावला आणि स्वतःच येऊन सांगितले. पूर्वी तिने तो गुपचूप काढून टाकला असता. मीही तेच केले असते.

त्या रात्री धावलेली मुलगी आजही आमच्याकडे आहे. ट्रेच्या झाकणावरची सामानाची यादी तिच्याच अक्षरात आहे. तिचा मेमो मात्र अजून फाईलमध्ये आहे. तो काढून टाकावा, असा अर्ज आम्ही सहा जणींनी गेल्या महिन्यात सह्या करून दिला आहे. मावशींनी अंगठा दिला.