स्लो कुकरमधला पहिला तास

स्लो कुकर घेताना दुकानात एकच मंत्र ऐकवतात: सगळं आत टाका, बटण फिरवा आणि निर्धास्त कामाला जा. मटणाच्या नळ्यांना आणि पायांच्या सुपाला हे चालतं. फळांच्या गोडाला चालत नाही. पवईत आमच्या इमारतीत हा कुकर बऱ्याच ओट्यांवर आला. कोणी अमेरिकेहून परतताना आणला, कोणी ऑनलाइन मागवला. पहिलंच गोड फसलं आणि कित्येक जणींनी तो माळ्यावर टाकला. दोष कुकरचा नव्हता. मधले दोन-तीन तास खुशाल झोप काढा, पण पहिला तास आणि शेवटचा अर्धा तास त्याच्याकडे लक्ष हवंच.

हे यंत्र मुळात गोडासाठी निघालेलंच नाही. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन यांना १९४० साली त्याचं पेटंट मिळालं. त्यांच्या आईने लिथुएनियातल्या लहानपणची आठवण सांगितली होती. शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही, म्हणून ज्यू बायका शुक्रवारी संध्याकाळी मांस-घेवड्याचं भांडं बेकरीच्या निवत चाललेल्या भट्टीत नेऊन ठेवायच्या आणि ते रात्रभर शिजत राहायचं. १९७० मध्ये रायव्हल कंपनीने नॅक्सन यांचा व्यवसाय घेतला आणि पुढच्याच वर्षी ‘क्रॉक-पॉट’ बाजारात आला. आपल्याकडे त्याच्या किती तरी आधी, १९१० मध्ये, कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी कोळशावरचा इकमिक कुकर काढला होता. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचा सराई कुकर त्याच घराण्यातला. उसाच्या पाचटापासून केलेल्या मूठभर कोळशावर, वाफेने घरचा स्वयंपाक करणारा. या सगळ्यांची गिऱ्हाइकं म्हणजे डाळ, तांदूळ, कडधान्यं, मांस. फळ तिथे पाहुणं आहे, आणि येताना स्वतःचं पाणी, स्वतःचं आम्ल आणि कधी कधी स्वतःची खोडही घेऊन येतं.

ती खोड आमच्या घरी नाताळच्या सुटीत कळली. जाऊबाई दादरहून राहायला आल्या होत्या. आयआयटी मार्केटमधून त्यांनी छान पिवळाधमक अननस आणला, फोडी केल्या आणि दूध, साखर, थोडे शेवयांचे तुकडे असं सगळं एकदम कुकरमध्ये घालून ‘लो’वर लावलं. दुपारी झाकण काढलं तेव्हा पिवळट पाण्यावर पांढरे कण तरंगत होते आणि शेवया तळाशी गोळा होऊन बसल्या होत्या.

“दूध नासकं होतं का गं?” जाऊबाईंनी विचारलं.

“नाही हो, सकाळीच आलंय. त्याच दुधाचा चहा घेतला ना आपण.”

जाऊबाईंनी चमचाभर तोंडात घातलं. जिभेवर गोड लागलं, पण गिळल्यावर घशाशी कारल्यासारखी कडू चव राहिली. सासूबाई आतून म्हणाल्या, “अननसाचा शिरा करताना फोडी आधी साखरेत शिजवून घेतो ना आपण? ते काय उगाच?”

उगाच नाहीच. न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं. ते दुधातली प्रथिनं तोडतं. दूध फाटतं आणि तुटलेल्या प्रथिनांचे बारीक तुकडे कडू लागतात. पन्नास-साठ अंशांच्या उबेत त्याला जोर येतो, आणि त्याहून बरंच वर तापलं की ते मरतं. गॅसवर पातेलं ठेवलं तर हा मधला टप्पा पाच-सात मिनिटांत ओलांडला जातो. स्लो कुकरमध्ये जाड चिनीमातीचं भांडं, भोवती तारेची गुंडाळी आणि तिची ताकद साधारण दीडशे ते तीनशे वॉट. हा कारभार त्या कोमट टप्प्यात तास-दीड तास रेंगाळतो, आणि एन्झाइमला तेवढा वेळ मिळाला की दूध वाचत नाही. कच्ची पपई आणि किवी याच माळेतली. ताजं अंजीरही. पुरंदरची अंजिरं बाजारात आली की देठाशी जो पांढरा चीक दिसतो, तसल्या चिकाने दूध विरजण्याची रीत जगात फार जुनी आहे.

म्हणून आमच्या घरात आता कायदा आहे: कुकरमध्ये फळ एकटं जातं. अननस असला तर फोडी आधी गॅसवर साखरेत पाच-सात मिनिटं खळखळवून घ्यायच्या, मगच कुकर. डब्यातला अननस हवाबंद करताना तापवलेला असतो, त्याची ही भीती नाही. आणि दूध कुठल्याच फळाबरोबर सुरुवातीला नको, कारण एन्झाइम नसलं तरी आम्ल आहेच. त्यात गूळ घातला तर बघायलाच नको. गुळाच्या खिरीत दूध कधी घालायचं हे आपल्याकडे पोरीबाळींनाही माहीत असतं, पण नवं यंत्र समोर आलं की जुनं शहाणपण कुठे जातं कोण जाणे.

दुधाचं आणखी एक. पाच ते साठ अंशांच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात. आंबट फळं त्यांना थोडीफार थोपवतात, दूध नाही. फ्रिजमधलं गार दूध चार-पाच तासांच्या ‘लो’वर टाकणं म्हणजे त्यांना घर भाड्याने देणं आहे. ‘कीप वॉर्म’वर शिजवणं तर अजिबात नको. ती सोय शिजलेलं गरम ठेवायची आहे.

आता सगळे गृहीत धरतात ती गोष्ट, वीज. भाचा न्यू जर्सीहून कायमचा परत आला, चांदिवलीत घर घेतलं, आणि सामानात तिकडचा कुकर होता. पिनेला ॲडॅप्टर लावून त्याने तो इथल्या सॉकेटमध्ये खोचला. थोड्याच वेळात जळक्या रबराचा वास सुटला. बटण बंद करून कुकर उचलला तर त्याचे पाय ओट्याला चिकटलेले. ॲडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. तिकडे १२० व्होल्ट, इथे २३०. व्होल्टेज दुपटीच्या आसपास गेलं की वीज दुप्पट ओढली जात नाही, साडेतीनपटीहून जास्त ओढली जाते. दोनशे वॉटचं भांडं सातशेच्या वर जातं. तिकडून आणलेल्या कुकरच्या बुडाशी चिकटवलेली पट्टी वाचा. ‘१२०’ एवढंच लिहिलं असेल तर एक तर जड स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या किंवा कुकर तिकडेच कोणाला देऊन टाका. मी दुसरा मार्ग सुचवते. ट्रान्सफॉर्मरला ओट्यावर जागा कुठे आहे?

पाण्याचं गणित थोडक्यात. सफरचंदात शंभरातले पंच्याऐंशी भाग पाणीच असतं आणि कुकरचं झाकण वाफ बाहेर सोडत नाही. गॅसवर जेवढं पाणी घालता त्याच्या पाव भागही इथे लागत नाही. झाकणाखाली जमलेले थेंब खाली पडतात, त्याने वरचा बिस्किटाचा किंवा ओट्सचा थर चिखल होतो. त्यासाठी झाकण आणि भांडं यांच्यामध्ये स्वच्छ सुती पंचा ताणून घालायचा आणि त्याची चारही टोकं झाकणावर उलटून ठेवायची. लोंबती ठेवली तर ती तापल्या अंगाला लागतात.

फळ निवडताना हात लावून बघा. काश्मीरचं लालबुंद डेलिशस दिसायला राजबिंडं, पण दोन तासांत त्याचा रवाळ लगदा होतो. हिरवं आंबट ग्रॅनी स्मिथ आकार धरून राहतं. कडक पेअर चांगलं. पेरू शिजतो छान, पण बिया आधी काढाव्या लागतात, आणि एवढा खटाटोप कोण करतं! घोलवडचे चिकू मला फार आवडतात, म्हणूनच मी ते कुकरमध्ये घालत नाही. ते गार खायचं फळ आहे. केळं शेवटच्या वीस मिनिटांत. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी तर बंद केल्यावर नुसती वरून घालायची, उबेनेच ती पुरेशी मऊ पडते. गोठवलेली फळं थेट टाकू नका. गार गोळा मध्ये बसला की भांडं तापायला आणखी वेळ घेतं, आणि पहिल्या तासाची सगळी भानगड पुन्हा उभी राहते.

सहा जणांसाठी मी असं करते. किलोभर कडक, आंबटसर सफरचंदं सोलून, बिया काढून, प्रत्येकाच्या चार फोडी. पातळ काप नकोत. पंधरा-वीस जर्दाळू दोन-तीन तास भिजवून, बिया काढून. अर्धी वाटी चिरलेला गूळ, एका लिंबाचा रस, इंचभर दालचिनी, दोन लवंगा, चिमूटभर मीठ आणि जर्दाळू भिजवलेलं पाणी पाव वाटी, तेही उकळी आणून. लिंबाची साल घालायची तर वरची पिवळीच किसा, पांढरा भाग तासन्‌तास उकडला की कडवट होतो. लवंगा दोनाच्या तीन करू नका, बंद भांड्यात त्या चढत जातात. भांडं निम्म्याहून कमी किंवा पाऊण भागाहून जास्त भरलेलं नको. पहिला तास ‘हाय’वर. तेव्हा घरात थांबा, पण झाकण उचलून बघू नका; एकदा उचललं की गेलेली ऊब परत यायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. काचेतून कडेला बारीक बुडबुडे दिसले की ‘लो’वर करा आणि मग दोन-अडीच तास तुमचे. बऱ्याच कुकरांत ‘लो’ आणि ‘हाय’ शेवटी जवळपास एकाच तापमानाला पोचतात, फरक पोचायला लागणाऱ्या वेळाचा असतो.

सुरी फोडीत सहज शिरली की बटण बंद. दालचिनी, लवंगा वेचून काढा. आता नारळाचा पहिला जाड रस एक वाटी, हाताला कोमट लागेल इतकाच तापवून, हलक्या हाताने मिसळा. तो उकळला तर फुटतो, म्हणून कुकर पुन्हा लावायचा नाही. वेलचीपूड आणि जायफळ आत्ता. सकाळी घातलेल्या वेलचीचा वास दुपारपर्यंत शेजाऱ्यांकडे गेलेला असतो. नारळ नको असेल तर गार साय वेगळ्या वाटीत द्या.

खरं सांगू? दोघांचंच गोड करायचं असेल तर हा खटाटोप नकोच. झाकण ठेवलेल्या पातेल्यात ते वीस मिनिटांत होतं. गॅसच्या शेगड्या अडकलेल्या असतात, आठ माणसं जेवायला यायची असतात, तेव्हा हा कुकर कामाचा. वीजही फार लागत नाही, दोनशे वॉटने पाच तास म्हणजे एक युनिट.

पण ती वीज अखंड हवी. आमच्याकडे ती रोज जात नाही, तरी जाते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी तर अख्खी मुंबईच बंद पडली होती. बऱ्याच सोसायट्यांतला जनरेटर लिफ्ट आणि जिन्यातले दिवे चालवतो, तुमचा ओटा नाही. गोल बटणाचा कुकर वीज आल्यावर आपोआप पुन्हा चालू होतो, आकडे दाखवणारा बरेचदा होत नाही. दोन्हींत गोम आहे. पहिला किती वेळ थंड पडला होता ते सांगत नाही, दुसरा वीज आल्यावरही गप्प राहतो. बाहेरून आलात की आधी मायक्रोवेव्हच्या घड्याळाकडे बघा. ते लुकलुकत असेल किंवा शून्यावर असेल तर मधे वीज गेली होती. किती वेळ गेली ते वॉचमनला किंवा शेजारी विचारा. उत्तर मिळालं नाही आणि भांड्यात दूध, साय, नारळ यांतलं काही असेल तर दिसायला कितीही छान असो, टाकून द्या. घरात असताना गेली तर प्रश्नच नाही. लगेच पातेल्यात काढून गॅसवर पुरं करायचं.

उरलेलं भांड्यासकट फ्रिजमध्ये ठेवू नका. जाड चिनीमाती ऊब धरून ठेवते आणि आतलं तासन्‌तास कोमट राहतं. पसरट स्टीलच्या डब्यात काढा. पुन्हा गरम करायचं ते गॅसवर, कुकरमध्ये नाही. आणि तापलेलं भांडं ग्रॅनाइटच्या ओल्या ओट्यावर टेकवू नका, गार पाणीही ओतू नका, तडा जातो.

एक गोष्ट गोडाची नाही, पण ज्या घरात हा कुकर आहे तिथे कधी ना कधी राजमा शिजणारच. राजम्याच्या दाण्यात एक विषारी प्रथिन असतं. खळखळत्या उकळीने ते मरतं, स्लो कुकरच्या मंद उबेने मरत नाही, आणि अर्धवट शिजलेल्या दाण्यांनी उलट्या-जुलाब होऊन माणसं आडवी होतात. राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात गॅसवर निदान दहा मिनिटं उकळा, अर्धा तास उकळलात तर अधिक बरं, आणि मगच कुकरमध्ये घाला.