‘ब्लोहोल’ : एक शब्द आणि हवेच्या वाटा

एखाद्या शब्दाचा अर्थ कळण्यास तो कोणाच्या तोंडी आहे हे आधी पाहावे लागते. ‘ब्लोहोल’ हा असाच शब्द आहे. आमच्या बेळगावात तो दवाखान्यांपेक्षा उद्यमबागेतील फाउंड्र्यांत अधिक ऐकू येतो. वाळूच्या साच्यात ओलावा जास्त राहिला किंवा वायूला बाहेर पडण्यास वाट नसली, की वितळलेल्या लोखंडात वाफ व वायू अडकतात आणि आत पोकळी राहते. वरून तुकडा निर्दोष दिसतो. लेथवर चढविल्यावर दोष उघडा पडतो. तेथे ब्लोहोल म्हणजे निव्वळ नुकसान.

शल्यचिकित्सक मात्र ब्लोहोल मुद्दाम करतात. त्वचेखाली हवा साचून मान व चेहरा फुगला असता गळपट्टीच्या हाडाखाली छोटा छेद देऊन ती हवा मोकळी करतात. त्या छेदाला हेच नाव आहे. मोठे आतडे फुगून त्याची भिंत इतकी नाजूक होते की हात लावताच फाटावी, अशा रुग्णांत ते आतडे न हलवता पोटावर त्याला छिद्र देण्याची पद्धत टर्नबुल व सहकाऱ्यांनी 1971 मध्ये मांडली. तीही ब्लोहोलच. आज ती क्वचितच करावी लागते.

सर्वांच्या परिचयाचा अर्थ देवमाशाचा. त्याच्या माथ्यावरील छिद्र म्हणजे त्याची नाकपुडीच. निळ्या देवमाशाला अशी दोन छिद्रे असतात. डॉल्फिन व इतर दंतधारी देवमाशांना बाहेरून एकच दिसते. चित्रांतील कारंजे हे पोटातले पाणी नव्हे, तर मुख्यतः उच्छ्वासातील बाष्प होय. डॉल्फिनचे स्वरयंत्र वर नासामार्गात शिरलेले असते, त्यामुळे तो तोंडाने श्वास घेत नाही.

इथे बालरोगतज्ज्ञाचे कुतूहल जागे होते, कारण नवजात अर्भकही काहीसे असेच असते. त्याचे स्वरयंत्र उंच असते आणि पहिले काही महिने ते प्रामुख्याने नाकानेच श्वास घेते. दोन्ही नासामार्ग मागील बाजूस जन्मतः बंद असतील, तर बाळ शांत असताना किंवा दूध पिताना निळे पडते आणि रडू लागले की गुलाबी होते. रडताना तोंड उघडते, एवढेच त्याचे कारण. रडून निळे पडणाऱ्या बाळाच्या हे नेमके उलट, म्हणूनच हे लक्षण नजरेतून सुटू नये. अशा वेळी दोन्ही नाकपुड्यांतून बारीक नळी घशापर्यंत जाते का ते पाहावे. जात नसेल तर तोंडात एअरवे ठेवून बाळाला तातडीने तज्ज्ञांकडे पाठवावे.

साध्या सर्दीनेही तान्हे बाळ दूध सोडते, ते याच कारणाने. आपल्या घरांतून न्हाऊ घालताना नाकात तेल सोडण्याची व फुंकर मारण्याची रीत अजून आढळते. न्हाऊ घालणाऱ्या मावशींचा हेतू चांगला असतो, परंतु ते तेल श्वासनळीवाटे फुप्फुसांत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. त्याऐवजी दूध पाजण्यापूर्वी सलाइनचे एकदोन थेंब प्रत्येक नाकपुडीत घालावेत व सुटलेला शेंबूड मऊ कापडाने टिपून घ्यावा. तेल लावायचेच तर अंगाला लावावे.