बुजऱ्या कुत्र्याचा सांभाळ
(परिसर अभ्यास)

रंकाळ्याच्या काठी कोणी सोडून दिलेले मिश्र जातीचे अर्धवट वाढलेले कुत्रे घरी आणले की मुलांचा उत्साह अनावर होतो; आणि नेमके तेथेच बिघडते. माणसाशी सख्य जुळण्याचा कुत्र्याचा मुख्य काळ तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा असतो. तो मार खाण्यात गेला असल्यास भीती जाण्यास महिनेही लागतात.

शेपूट पायांत घालणे, कान पाडणे, ओठ चाटणे, वारंवार जांभई देणे या भीतीच्या खुणा शिक्षकांनी फळ्यावर चित्रे काढून समजावून द्याव्यात. जांभई म्हणजे झोप, असे मुलांना वाटते! अशा वेळी टक लावून पाहू नये, डोक्यावरून हात नेऊ नये. बाजूस बसून भाकरीचा तुकडा टाकावा व ते आपण होऊन जवळ येईतो थांबावे. गुरगुरल्याबद्दल मारू नये. गुरगुरणे दडपलेले कुत्रे पुढे सूचना न देताच चावण्याचा संभव असतो.

पशुवैद्याकडून रेबीजची लस मात्र विनाविलंब टोचून घ्यावी. तरीही चावा वा ओरखडा झालाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा. हळद-चुन्यात वेळ दवडू नये. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी सहसा वाचत नाही. १८८५ साली पाश्चर यांनी ज्या मुलास ही लस प्रथम दिली, तो ९ वर्षांचा, म्हणजे आपल्या चौथीच्या वयाचा होता. रागावतील या धास्तीने मुले चावा लपवितात, हे पालकसभेत अवश्य सांगावे.